गेज फिरवायचं की नुसतं टेकवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ वर्षं जुनी स्प्लेंडर, रोज सोलापूर ते मोहोळ जाणं-येणं. सकाळी घरी मेन स्टँडवर ऑइल बघितलं की गेजवर, म्हणजे ऑइल मोजायच्या कांडीवर, वरच्या खुणेच्याही वर दिसतं. मोहोळला पोचल्या पोचल्या साइड स्टँडवर बघितलं की खालच्या खुणेला जेमतेम टेकलेलं. एक मिस्त्री सांगतो, गेज पूर्ण फिरवून बसवा आणि मग काढून बघा. दुसरा सांगतो, नुसतं टेकवा. गाडीत ऑइल नक्की आहे किती?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. स्प्लेंडरचं गेज फिरवायचं नाही. काढायचं, पुसायचं, भोकात सरळ सोडायचं, आटे तोंडाला टेकले की थांबायचं आणि तसंच उचलून बघायचं. गाडी मेन स्टँडवर, जमीन सपाट, इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद केलेलं, आणि बंद करून दोन-तीन मिनिटं झालेली. दोघांतला दुसरा मिस्त्री बरोबर. पण एकाच दिवशी दोन उत्तरं का आली हे कळलं तर पुढच्या वेळी तिसऱ्या मिस्त्रीकडे जावं लागणार नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

गेज हातात घेऊन नीट बघा. वर काळं प्लॅस्टिकचं डोकं, त्याखाली आटे, मग कांडी आणि कांडीच्या टोकाजवळ दोन खुणा. आट्यांची उंची आणि दोन खुणांमधलं अंतर यांत फार फरक नसतो. गेज फिरवून बसवलं की कांडी आट्यांच्या उंचीएवढी आणखी खोल जाते, म्हणजे तेवढी जास्त भिजते. ऑइल खरं खालच्या खुणेला आलेलं असलं तरी फिरवून बघणाऱ्याला ते वरच्या खुणेजवळ दिसतं. तो खूश होऊन टोपण लावतो आणि इंजिन कमी ऑइलवर पळत राहतं. कंपनीनं त्या खुणा कोरल्या त्या गेज टेकवलेलं धरून, त्यामुळे बघायचंही टेकवूनच. होंडा आणि हिरोच्या साध्या गाड्यांना हा नियम लागतो. फिरवून बघायला सांगणाऱ्या गाड्याही जगात आहेत, म्हणून दुसरी कुठली गाडी असेल तर तिच्या पुस्तिकेतलं एक वाक्य वाचा. पुस्तिका डिकीत कागदपत्रांखाली चिकटून बसलेली असते, आठ वर्षांत कुणी उघडलेली नसते.

आता साइड स्टँडची गंमत. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. स्प्लेंडर, शाइन अशा गाड्यांचं गेज इंजिनच्या उजव्या कव्हरवर असतं. गाडी डावीकडे कलली की ऑइल डाव्या बाजूला जातं आणि उजवी बाजू वर उचलली जाते. गेजच्या टोकाशी ऑइल कमी दिसणारच. ताटातली आमटी ताट कलवल्यावर एका कडेला जाते, तेवढंच हे शास्त्र. म्हणजे फिरवून बघितलं की ऑइल खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, साइड स्टँडवर बघितलं की कमी. दोन्ही चुका एकदम करणारे महाभागही माझ्याकडे येतात. त्यांचं उत्तर कधीकधी चुकून बरोबर निघतं, आणि मग ते माझ्याशी वाद घालतात.

साइड स्टँडचा धडा मी स्वतः महागात शिकलोय. सात रस्त्याजवळच्या एका गॅरेजात हाताखाली होतो तेव्हाची गोष्ट. गर्दी होती, गाडी साइड स्टँडवर उभी होती. मी गेज काढलं, टोक जेमतेम ओलं. अर्धी बाटली ओतली, पुन्हा बघितलं, अजून कमीच वाटलं, आणखी ओतली. चौथ्या दिवशी गाडी परत आली. एअर फिल्टरच्या डब्यातून ऑइल ठिबकत होतं, फिल्टर भिजून चिंब, सायलेन्सरमधून निळसर धूर, आणि मालकाची तक्रार अशी की गाडी चढाला ओढत नाही. उस्तादांनी खालचा नट काढायला लावला आणि सगळं ऑइल मापाच्या भांड्यात घ्यायला लावलं. हवं त्यापेक्षा तीनशे मिली जास्त भरलं. ते मला एक शब्द बोलले नाहीत. भांडं माझ्यासमोर ठेवलं आणि चहा प्यायला निघून गेले.

जास्त ऑइलनं काय बिघडतं, असं पुष्कळ जण विचारतात. "असू द्या की ओ, इंजिनालाच लागतंय," हे वाक्य तर आठवड्यातून दोनदा ऐकतो. या गाड्यांत ऑइल इंजिनच्या तळाशी साठलेलं असतं आणि त्याच्या जरा वर क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा दांडा, फिरत असतो, मिनिटाला हजारो फेरे. ऑइलची पातळी चढली की क्रँक त्यात बुडून फिरतो आणि ते घुसळतो. ताक घुसळल्यावर फेस येतो तसाच इथं येतो. फेसाळलेलं ऑइल पंपानं नीट ढकललं जात नाही, कारण निम्मी हवाच असते. इंजिन तापतं, ताकद ऑइल घुसळण्यात जाते. आतला दाब वाढतो, तो ब्रीदर पाइपातून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ऑइल एअर फिल्टरकडे ढकलतो, नाहीतर एखादं जुनं ऑइल सील फोडून बाहेर येतो. सील फुटलं की ऑइल कमी होतं, आणि मालकाला वाटतं गाडी ऑइल खायला लागली. मग तो आणखी ओततो.

कमी ऑइलचं दुखणं वेगळं आणि जास्त जीवघेणं. पंप तळातून ऑइल ओढून वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या डोक्यात, पाठवतो. तळ आटला की पंप मध्येमध्ये हवा ओढतो आणि सगळ्यांत वर बसलेले कॅम आणि रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, आधी कोरडे पडतात. टपेटसारखा टक-टक आवाज सुरू होतो. लोक टपेट सेट करून घ्यायला येतात, आणि मी आधी गेज काढून बघतो. या गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच, तिघांना ऑइल एकच. कमी पडलं की तिघांचीही उपासमार.

सोलापूरच्या उन्हाळ्यात तर जपायलाच हवं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, डांबराची वाफ वेगळीच. हवेवर थंड होणारं इंजिन, समोरून येणारी हवाच भट्टीची, मागं बायको-मुलं आणि पुढं टाकीवर पिशवी, अशी गाडी पौर्णिमेला अक्कलकोटला किंवा तुळजापूरला जाऊन येते. त्या महिन्यांत मी गिऱ्हाइकांना पंधरा दिवसांनी ऑइल बघायला सांगतो, एरवी महिन्यातून एकदा. उन्हाळा आहे म्हणून जाड ऑइल टाका, हा सल्ला मात्र मी देत नाही. पुस्तिकेत १०W-३० (हा ऑइलच्या जाडीचा आकडा) लिहिलं असेल तर तेच टाका. आपल्या देशातला उन्हाळा धरूनच ते लिहिलेलं असतं. जाड ऑइल थंड इंजिनात वर चढायला वेळ घेतं, आणि इंजिनाची जास्तीत जास्त झीज सकाळच्या पहिल्या किकनंतरच्या त्या क्षणांत होते.

आता तुमच्या सकाळच्या मापाकडे येतो. गाडी रात्रभर उभी राहिली की हेडमधलं, क्लचच्या कव्हरमधलं, भिंतींना लागलेलं सगळं ऑइल निथळून तळाला येतं. पातळी वर दिसते. गाडी चालवून लगेच बंद केली की बरंच ऑइल अजून वरच अडकलेलं असतं, पातळी खाली दिसते. मोहोळला पोचल्या पोचल्या तुम्ही नेमकं तेच बघता, वर साइड स्टँडची भर. चालवून, बंद करून, दोन-तीन मिनिटं थांबा असं पुस्तिका सांगते ती या दोन टोकांमधली एक ठरलेली स्थिती पकडायला, कारण खुणाही त्याच स्थितीसाठी आहेत. गरम ऑइल फुगतंही. ३० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की साधारण चार टक्के, म्हणजे लिटरमागे ४० मिली. फार नाही, पण आपण ज्या बारीक अंतरात माप बघतोय तिथं तेवढंही कळतं.

सपाट जमीन हा शब्द सगळे ऐकतात आणि सोडून देतात. आपल्याकडे दारापुढची शहाबादी फरशी पाणी जावं म्हणून मुद्दाम गटारीकडे उतार देऊन बसवलेली असते. डोळ्याला ती सपाटच वाटते. तांब्याभर पाणी ओतून बघा, कुठं पळतंय ते दिसेल. तेवढं पाणी वाया घालवायचं नसेल, आणि आपल्या गावात ते जिवावर येतंच, तर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवा. आतला बुडबुडा एका टोकाला गेला की उतार समजा. माझ्या गॅरेजात एक जागा मी खडूनं आखून ठेवलीय, चाकं कुठं यायची आणि स्टँड कुठं. ऑइल तिथंच बघतो. तुम्हीही घरात, जिन्याखाली, पार्किंगमध्ये अशी एक जागा ठरवा. मेन स्टँड झिजून एका बाजूला लंगडा झाला असेल तर तोही माप फसवतो. मागून दहा पावलं लांब उभं राहून बघा, गाडी सरळ उभी आहे का. जुन्या गाड्यांत हा घोटाळा माझ्या अंदाजापेक्षा जास्त सापडतो.

गेज उघडण्याआधी त्याच्या आजूबाजूची जागा पुसा. हे कुणी करत नाही. मोहोळ रस्त्याची सगळी धूळ त्या टोपणाच्या कडेला ऑइलमध्ये मळून बसलेली असते, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या हंगामात तर विचारू नका. टोपण फिरवलं की ती सरळ इंजिनात पडते. एक जुना टूथब्रश आणि फडकं एवढं काम आहे. फडक्यावरून आठवलं. माझं गॅरेज अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ आहे, आजूबाजूला टॉवेलचे कारखाने, त्यामुळे चिंध्यांना तोटा नाही. पण टॉवेलची चिंधी गेज पुसायला वापरू नका. तिचे फासे धागे सोडतात, धागा कांडीला चिकटतो आणि आत जातो. स्प्लेंडरला गाडीबाहेरून बदलता येणारा फिल्टर नाही, आत जाळी आणि गोल फिरणारा फिल्टर आहे. एकदा आत गेलेला कचरा कव्हर खोलेपर्यंत आतच. धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं धोतर किंवा सुती बनियन सगळ्यांत चांगलं.

पहिल्यांदा बाहेर काढलेलं गेज बघायचं नाही. चालताना उडालेल्या ऑइलनं ते वरपर्यंत माखलेलं असतं. पुसून, पुन्हा सोडून, दुसऱ्यांदा काढलेलंच खरं. काढल्यावर टोक खाली धरा. वर केलं की ऑइल कांडीवरून उलटं पळतं. नवीन ऑइल इतकं स्वच्छ असतं की चकाकणाऱ्या कांडीवर दिसतच नाही, अशा वेळी उजेडाकडे जरा तिरकं धरा, ओली कडा चमकते. माप खुणांच्या मध्ये आलं की झालं. ते वरच्या खुणेलाच भिडलं पाहिजे असा हट्ट नको.

कमी असेल तर पन्नास-पन्नास मिलीनं घाला. खोकल्याच्या औषधाच्या मापाच्या टोपणानं हे जमतं, नाहीतर पाव लिटरच्या बाटलीवर मार्करनं रेघा मारून ठेवा. घातल्यावर मिनिटभर इंजिन चालवा, बंद करा, थांबा, मग बघा. डबा उपडा करून "बास, एवढं बास" असं करू नका, माझी गोष्ट वर सांगितलीच आहे. ऑइल मोटारसायकलचंच हवं: डब्यावर ४टी (फोर-स्ट्रोक) आणि जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं. चारचाकीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात, आणि आपल्या गाडीची क्लच प्लेट त्याच ऑइलमध्ये बुडालेली असते. ती घसरायला लागते, आवाज वाढतो आणि गाडी जागची हलत नाही. स्कूटरचं एमबी ऑइलही मोटारसायकलला नको. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला ते चालतं. रिकामा डबा भंगारात देताना तोंड कापून द्या, कारण त्याच डब्यात दुसरंच काहीतरी भरून पुन्हा विकणारे आहेत.

ज्या गाड्यांना गेजऐवजी काचेची खिडकी असते, पल्सर १५०, अपाची, अलीकडच्या बुलेट, त्यांचंही तत्त्व हेच: गाडी सरळ उभी आणि ऑइल खिडकीच्या दोन रेघांमध्ये. काहींना मेन स्टँडच नसतो. अशा वेळी एकानं हँडल धरून गाडी सरळ उभी करायची आणि दुसऱ्यानं बसून बघायचं. एकटेच असाल तर गाडीवर बसा, ती सरळ करा आणि मोबाइलचा कॅमेरा खाली धरून फोटो काढा. खिडकी पूर्ण काळी दिसली तर ऑइल गच्च भरलंय की काच आतून काळवंडलीय ते आधी ठरवा. गाडी हळूच डाव्या बाजूला कलवली की पातळी खाली सरकताना दिसली पाहिजे. नाही दिसली तर संशय घ्या.

जुनी लोखंडी इंजिनाची बुलेट मात्र या सगळ्याला अपवाद. तिचं ऑइल वेगळ्या कप्प्यात असतं आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. थंड इंजिनावर गेज कोरडं दिसतं, मालक घाबरून ओततो, आणि गाडी चालू झाली की जास्तीचं सगळं ब्रीदरमधून अंगणात. तिथं इंजिन चालवून मगच बघायचं. गिअरबॉक्सचं ऑइल तिच्यात वेगळं असतं, ते वेगळंच बघायचं.

गेज काढलंच आहे तर दोन गोष्टी आणखी बघा. रंग सोडा; काळं झालं म्हणजे खराब झालं असं नाही, आतली काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास आला आणि न ओतता पातळी वाढलेली दिसली तर कार्ब्युरेटरची सुई गळतेय आणि पेट्रोल सिलेंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतंय. तुमची गाडी बीएस ६ च्या आधीची, कार्ब्युरेटरवाली आहे, त्यामुळे सकाळी वरच्या खुणेच्या वर दिसण्याचं हेही एक कारण असू शकतं. रात्री पेट्रोलचा कॉक बंद करून आठ दिवस बघा, फरक पडला तर सुई बदला आणि ऑइलही बदला. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवू नका. दुसरी गोष्ट, दुधी रंग. ऑइल चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. ऑक्टोबर २०२० च्या त्या पावसात पाण्याखाली गेलेल्या गाड्या रांगेनं आल्या होत्या. ज्यांनी किक मारून बघितली त्यांचा खर्च जास्त झाला, ज्यांनी ढकलत आणली त्यांचा ऑइल बदलण्यावर आणि साफसफाईवर भागला. टोपणाखालचं रबरी रिंग कडक झालं असेल तर सर्व्हिसिंगच्या फवाऱ्यातूनही थोडं पाणी जातं. रिंग काही रुपयांचं आहे, बदलून टाका.

तर तुमच्या गाडीपुरतं सांगायचं म्हणजे, माझा अंदाज असा की ऑइल दोन खुणांच्या मध्येच कुठंतरी आहे. सकाळी तुम्ही बहुतेक गेज फिरवून बघत असाल, मोहोळला साइड स्टँडवर. आज काही ओतू नका, काही काढूही नका. रविवारी वर सांगितलं तसं एकदा नीट बघा आणि गेजवरची जागा, किलोमीटरचा आकडा आणि तारीख वहीत लिहा. हजार किलोमीटर झाले की त्याच जागी, त्याच पद्धतीनं पुन्हा. तुमच्या रोजच्या फेऱ्यांत ते दोन-तीन आठवड्यांत होतील. पन्नास-साठ मिली कमी झालं असेल तर आठ वर्षांच्या गाडीला मी हात लावणार नाही, तेवढंच भरून चालवा. दोनशेच्या घरात गेलं तर आधी रात्री इंजिनखाली पुठ्ठा ठेवून सकाळी डाग कुठं पडलाय ते बघा. पुढच्या चेनच्या दाताळ्यामागे डाग असेल तर ते सील, किकच्या बाजूला असेल तर किक शाफ्टचं, मधोमध असेल तर ड्रेन नटचा वॉशर. पुठ्ठा कोरडा आणि तरी ऑइल जातंय, तर सकाळी गाडी चालू करताना मागं कुणाला तरी उभं करा. फक्त चालू करतानाच निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्हची सीलं. ॲक्सिलेटर पिळल्यावर येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा, आणि मग गाडी घेऊन या, कॉम्प्रेशन बघू.